आठशे स्टेप्स आणि पाव मिलिमीटर: हॉबी मिलिंग मशीनचं सीएनसी करताना काय चुकलं, काय कळलं

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लेखी अवतार. हेडफोन घरी विसरून बसमध्ये बसलेल्यांसाठी, आणि "दादा, आकडे लिहून द्या ना" म्हणणाऱ्यांसाठी. बोलताना जे अर्धवट राहिलं ते इथे नीट लिहिलंय. माझे "म्हणजे काय आहे ना" बरेचसे काढलेत. सगळे नाही.

आजचा विषय आहे हाताने चालवायचं छोटं मिलिंग मशीन घेऊन त्याचं सीएनसी करणं. यूट्यूबवर हे दहा मिनिटांत होतं. मला सव्वा वर्ष लागलं, आणि मध्ये एकदा काकांच्या डोळ्यावर बेतलं. त्यामुळे हा एपिसोड "मी कसं भारी केलं" असा नाहीये.

बेअरिंग बसेना

आधी पात्रपरिचय. मी कम्प्युटरचा बीटेक. हिंजवडीत बॅकएंड लिहितो. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये कानस घासून एक चौकोन केला होता, तोही काटकोनात नव्हता. लोखंडाशी माझा संबंध एवढाच.

माझ्या काकांचं इचलकरंजीत छोटं वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, एक लेथ, एक जुनं मोठं मिलिंग, एक ड्रिल. काम मुख्यतः पॉवरलूमच्या सुट्या भागांचं. गावात माग इतके की काकांना गिऱ्हाईक शोधायला कधी बाहेर जावं लागलं नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं. मिलिंगचं काम म्हणजे दिवसभर हँडल फिरवणं. काका कामं परत पाठवायला लागले. काकू फोनवर म्हणाली, "पैशाचं राहू दे, पण हे घरी बसून चिडचिड करतात."

मी ठरवलं, आपण हँडलला मोटर लावू. पुण्यात एकाने त्याचं हॉबी मिलिंग मशीन विकायला काढलं होतं. चिनी बनावटीचं, साठ किलोच्या आसपासचं, टेबलावर मावणारं. माझ्या फ्लॅटमध्ये त्याला जागा नव्हती, म्हणून ते थेट काकांच्या शेडमध्ये गेलं. मी दर शनिवारी पुण्याहून तिकडे.

दोन महिन्यांनी मशीन हललं. पहिलं खरं काम घेतलं ते ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात ६२०० नंबरच्या बेअरिंगसाठी गोल खड्डा. ६२०० म्हणजे आतून १० मिमी, बाहेरून ३० मिमी, जाडी ९ मिमी. स्क्रीनवर सुंदर वर्तुळ. मशीनने ते कापलंही झोकात.

बेअरिंग बसेना.

काकांनी माप घेतलं. डावी-उजवीकडे २९.७५, पुढे-मागे २९.७०. आणि चार ठिकाणी बोटाला लागेल अशी छोटी सपाट जागा. काका म्हणाले, "गोल न्हाई रं हे. अंड्याकडं झुकलंय."

सीएनसी करताना बदलतं काय?

थोडं मागे जाऊ, कारण ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मिलिंग मशीन जवळून पाहिलं नसेल.

मिलिंगमध्ये कटर एका जागी गरगर फिरतो आणि जॉब, म्हणजे ज्यातून वस्तू बनवायची तो धातूचा तुकडा, त्याच्याखाली सरकतो. जॉब व्हाइसमध्ये पकडलेला, व्हाइस टेबलावर. टेबलाखाली लांब स्क्रू असतो. हँडल फिरवलं की स्क्रू फिरतो आणि स्क्रूवरचं नट टेबलाला ओढून नेतं. डावी-उजवीकडे एक्स, पुढे-मागे वाय, वर-खाली झेड.

सीएनसी म्हणजे हँडलच्या जागी मोटर आणि मोटरला हुकूम द्यायला कम्प्युटर. हॉबीमध्ये बहुतेकदा स्टेपर मोटर वापरतात. माझ्या नेमा-२३ आहेत. नेमा-२३ हे ताकदीचं नाव नाही, बरं का. ते फक्त मोटरच्या तोंडाचं माप आहे, २.३ इंच म्हणजे साधारण ५७ मिमी. त्याच मापात कमी ताकदीची मोटरही मिळते आणि दणकटही, म्हणून टॉर्क बघून घ्या.

स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आणखी तुकडे करतो, त्याला मायक्रोस्टेपिंग म्हणतात. मी ८ ठेवलं होतं. म्हणजे एका फेऱ्याला १६०० स्टेप्स. माझ्या मशीनचा मूळ स्क्रू २ मिमी पिचचा, एका फेऱ्यात टेबल २ मिमी सरकतं. मग १६०० भागिले २, म्हणजे मिलिमीटरला ८०० स्टेप्स. हा आकडा जीआरबीएल नावाच्या फर्मवेअरमध्ये टाकायचा. जीआरबीएल ओपन सोर्स आहे, साध्या आर्डुइनो उनोवर चालतं आणि जी-कोड वाचतं. "जी-१ एक्स १०" म्हटलं की एक्स ठरलेल्या वेगाने १० वर जातो. जी-२, जी-३ म्हणजे वर्तुळाकार चाल.

थ्रीडी प्रिंटर ज्यांच्याकडे आहे त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. मोटर तीच, भाषा तीच. फरक एवढाच की प्रिंटरचं नोझल कुणाशी भांडत नाही. कटर धातूशी भांडतो आणि धातू उलट ढकलतो. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यातून निघते.

सव्वा मायक्रॉनचा गर्व

मिलिमीटरला ८०० स्टेप्स, म्हणजे एक स्टेप ०.००१२५ मिमी. सव्वा मायक्रॉन! मी ऑफिसच्या ग्रुपवर हे टाकलं होतं. लोकांनी टाळ्यांचे इमोजी दिले.

बेअरिंग बसलं नाही त्या संध्याकाळी काकांनी डायल गेज काढलं. चुंबकी स्टँडवर लावलं, टोक टेबलाला टेकवलं. मला म्हणाले, "एक्स उजवीकडं ने." नेला. काटा फिरला. "आता डावीकडं ने, हळूहळू." मी कम्प्युटरवरून ०.०५ मिमीचे हुकूम देत गेलो. एक, दोन, तीन, चार, पाच. काटा जागचा हलला नाही. सहाव्याला हलला.

पाच वेळा ०.०५, म्हणजे ०.२५ मिमी. मोटर फिरत होती, स्क्रू फिरत होता, टेबल मात्र ढिम्म. कारण स्क्रू आणि नट यांच्या आट्यांमध्ये फट असते. दिशा बदलली की स्क्रू आधी ती फट ओलांडतो आणि मग नटाला ढकलतो. याला बॅकलॅश म्हणतात. वर्कशॉपमध्ये सरळ "प्ले आहे" म्हणतात.

माझी एक स्टेप ०.००१२५ आणि फट ०.२५. दोनशे पट! हातावरच्या घड्याळात सेकंदकाटा आहे म्हणून एसटी वेळेवर येत नाही, तसलं हे प्रकरण. रिझोल्यूशन म्हणजे अचूकता नव्हे. वाक्य परीक्षेत लिहिलं होतं, समजलं त्या दिवशी.

वर्तुळाचं कोडंही इथेच सुटतं. वर्तुळ कापताना एक्सची दिशा दोनदा बदलते, वायचीही दोनदा. त्या चार ठिकाणी टेबल क्षणभर थांबतं आणि कम्प्युटर पुढे जातो. त्या चार सपाट जागा. आणि दर वळणाला तेवढा प्रवास कमी पडतो म्हणून ३० चं २९.७५ झालं. वायमध्ये प्ले ०.३० होता, म्हणून तिकडे २९.७०.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कम्प्युटरला यातलं काहीच माहीत नव्हतं. स्क्रीनवर आकडा बरोबर दिसत होता, कारण तो आकडा टेबलाची जागा नसतो. आत्तापर्यंत पाठवलेल्या स्टेप्सची ती बेरीज असते. आपण लोक एपीआयला रिक्वेस्ट पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. इथे उत्तर येतच नाही. पाठवलं म्हणजे झालं, असं मानून चालतात. याला ओपन लूप म्हणतात.

काकांचा हात काय करत होता

मी विचारलं, "काका, मोठ्या मशीनलाही प्ले आहेच की. मग तुमचं काम बरोबर कसं येतं?"

काका म्हणाले, "मी कधी दोन्हीकडनं येतो का? हँडल नेहमी एकाच बाजूनं आणायचं. चुकून पुढं गेलास तर तेवढंच मागं नको येऊ. चांगला एक फेरा मागं जा आणि परत पहिल्या बाजूनंच ये."

चाळीस वर्षं काकांचा हात बॅकलॅश भरून काढत होता. प्रत्येक वळणाला, न मोजता. मी हँडल काढून मोटर लावली तेव्हा नुसती ताकद बदलली असं मला वाटलं होतं. हँडलबरोबर ही समजही मी काढून टाकली होती.

मग सॉफ्टवेअरवाला जे करतो ते केलं. म्हटलं, कोडमध्ये भरून काढू. जीआरबीएलमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय नाही. लिनक्ससीएनसीमध्ये आहे. सेटिंगच्या फाईलमध्ये प्रत्येक अक्षासाठी फटीचा आकडा लिहायचा, दिशा बदलली की ते तेवढ्या जादा स्टेप्स टाकतं. जुना डेस्कटॉप आणला, लिनक्ससीएनसी चढवलं, ०.२५ आणि ०.३० लिहिलं. वर्तुळ खूप सुधारलं. मी खूश.

दोन जॉबनंतर पुन्हा बिघडलं. कारण फट तिथेच होती. मी फक्त ती किती आहे हे कम्प्युटरला सांगितलं होतं.

इथे मिलिंगच्या दोन पद्धती कळायला हव्यात. कटरचे दात जॉबच्या सरकण्याच्या उलट दिशेने कापतात ती कन्व्हेन्शनल पद्धत. त्यात कटर टेबलाला मागे ढकलतो, म्हणजे नट स्क्रूच्या एकाच बाजूला दाबून राहतं. दुसरी क्लाइंब. त्यात दात सरकण्याच्या दिशेनेच कापतात. पृष्ठभाग छान येतो, म्हणून सीएनसीसाठी टूलपाथ बनवणारी सॉफ्टवेअर्स बहुधा हीच पद्धत आधी सुचवतात. पण क्लाइंबमध्ये कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो. फट असेल तर टेबल त्या फटीतून झटकन पुढे उडी मारतं, आणि दाताला एकदम जास्त धातू मिळतो. कोडने भरलेली फट कटर एका झटक्यात उलटी करतो. प्ले असलेल्या मशीनवर म्हणूनच जुने मिस्त्री कन्व्हेन्शनलच कापतात.

लाल बटण

आता तो शनिवार.

मी वेग वाढवला होता. रिकाम्या चालीला, म्हणजे जी-० ला, मिनिटाला २००० मिमी. २ मिमी पिचच्या स्क्रूवर याचा अर्थ मोटर मिनिटाला १००० फेरे. स्टेपर मोटरची गंमत अशी की तिची ताकद उभी असताना सगळ्यात जास्त. वेग वाढेल तशी ती झपाट्याने उतरते, कारण कॉइलमध्ये करंट भरायला वेळ लागतो आणि वेगात तेवढा वेळच मिळत नाही. पेटीवर लिहिलेला टॉर्क थांबलेल्या मोटरचा असतो.

त्यात वायच्या सरकपट्टीत ॲल्युमिनियमचा बुरा अडकला होता. वाय मागे जाताना मोटर गुरगुरली, अडकली, पुन्हा सुटली. दोन सेकंदांचा खेळ. मी स्क्रीनकडे बघत होतो. स्क्रीनवर सगळं बरोबर होतं.

टेबल जिथे असायला हवं त्यापासून साधारण १५ मिमी लांब होतं. कम्प्युटरच्या मते ते जागेवर होतं. पुढच्या ओळीत कटर खाली उतरला तो जॉबवर नाही, थेट व्हाइसच्या पोलादी जबड्यावर.

काकांनी आवाज ओळखला. ते माझ्या आधी धावले, लाल बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. ६ मिमीचा कार्बाइड कटर फुटला आणि त्याचा तुकडा काकांच्या चष्म्यावर आदळला. काच तडकली. काकांनी हात लांब करून भिंतीवरचा प्लग उपटला, तेव्हा मशीन थांबलं.

डोळ्याला काही झालं नाही. पण माझे हात अर्धा तास थरथरत होते.

काका एकच वाक्य बोलले. "दाबून बी थांबत नसंल तर ते बटण कसलं? नुसतं चित्र."

पुढचे तीन आठवडे ते त्या मशीनजवळ फिरकले नाहीत.

बटण का चाललं नाही, ते मला त्याच रात्री सापडलं. मी ते कंट्रोलरच्या एका इनपुट पिनला जोडलं होतं. दाबलं की सर्किट जुळणार, कंट्रोलरला कळणार, कंट्रोलर थांबवणार. अशा जोडणीला नॉर्मली ओपन म्हणतात. मशीनच्या थरथरीने ती वायर टर्मिनलच्या स्क्रूमधून कधीतरी निसटली होती. नॉर्मली ओपनमध्ये वायर तुटलेली असली तरी सगळं आलबेलच दिसतं. गरज पडेपर्यंत कळत नाही.

दुसरी चूक याहून मोठी. वायर शाबूत असती तरी माझं बटण फक्त विनंती करत होतं. थांबवायचं की नाही हे सॉफ्टवेअर ठरवणार होतं. आणि कटर फिरवणारी स्पिंडल मोटर तर वेगळ्याच स्विचवर होती. तिला या बटणाची खबरसुद्धा नव्हती.

पुन्हा पहिल्यापासून

मी कोड बंद केला आणि पाना हातात घेतला. या वेळी सगळी कामं उलट्या क्रमाने केली.

सगळ्यात आधी बटण. आता तिथे नॉर्मली क्लोज्ड संपर्काचं, दाबल्यावर अडकून राहणारं बटण आहे. ते एका कॉन्टॅक्टरची कॉइल चालू ठेवतं. बटण दाबा, वायर तुटू दे, टर्मिनल सैल होऊ दे, तिन्हींत कॉइल सुटते आणि स्पिंडल आणि मोटर ड्रायव्हर दोघांचीही वीज जाते. कम्प्युटरला फक्त बातमी पोचते, त्याची परवानगी लागत नाही. बटण परत वर ओढलं तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, वेगळं हिरवं बटण दाबावं लागतं. २३० व्होल्टची ही वायरिंग मी स्वतः केली नाही. वायरमनकडून करून घेतली, अर्थिंगसकट. तुम्हीही तसंच करा.

मग गिब. टेबल ज्या सरकपट्ट्यांवर चालतं त्यांच्यात एक पातळ पट्टी असते, बाजूच्या छोट्या स्क्रूंनी ती आवळतात. सैल असेल तर टेबल डुलतं, जास्त आवळली तर मोटर अडकते. माझी वायची गिब मी "जरा घट्ट बरी" म्हणून पिळली होती. काकांच्या मोठ्या मशीनच्या अनुभवाने हे काम तासाभरात झालं असतं. पण काका तेव्हा लांब बसून चहा पीत होते. चौथ्या आठवड्यात ते उठून आले, म्हणाले, "सरक," आणि स्क्रू स्वतः लावायला लागले.

मग बॉल स्क्रू. याच्यात नट आणि स्क्रू यांच्यामध्ये गोळ्या फिरतात, घर्षण फार कमी, आणि फट नीट नट निवडलं तर नगण्य. मी १६०५ घेतले, म्हणजे १६ मिमी जाडी आणि एका फेऱ्याला ५ मिमी. नट बसवायला टेबलाखालची जागा कोरावी लागली. ते काम काकांच्या मोठ्या मिलिंगवर झालं, हँडल फिरवून. खांदा दुखत असताना त्यांनीच फिरवलं, मला देईनात.

आता गणित बदललं. १६०० भागिले ५, मिलिमीटरला ३२० स्टेप्स. कागदावर मशीन अडीच पट "जाडं" झालं, एक स्टेप ०.००३ मिमीच्या थोडी वर. पण डायल गेजवर प्ले ०.०३ च्या आत आला. त्याच २००० मिमीच्या वेगाला मोटरला १००० ऐवजी फक्त ४०० फेरे लागतात, म्हणजे ताकदही शिल्लक राहते. ड्रायव्हरला चालतंय हे बघून वीजपुरवठा २४ व्होल्टवरून ३६ व्होल्टवर नेला. जास्त व्होल्टेजने कॉइलमध्ये करंट लवकर भरतो, वेगात मोटर कमी दमते.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. जुन्या स्क्रूचं घर्षण फुकटात एक काम करत होतं. वीज गेली तरी झेडचं जड डोकं जागेवर राहायचं. बॉल स्क्रूला ती अडवणूक नाही. पहिल्यांदा नवं लाल बटण तपासायला दाबलं आणि झेडचं डोकं सावकाश खाली यायला लागलं! मशीन सुरक्षित करायला बसवलेलं बटण कटर खाली आणत होतं. शेवटी वजन तोलायला गॅस स्प्रिंग लावला. गाडीच्या डिकीला असतो, तसला. ब्रेक असलेली मोटरही मिळते. झेडला बॉल स्क्रू लावणार असाल तर याचा विचार आधी करा.

मशीन उत्तर देईल तेव्हा

हरवलेल्या स्टेप्सचं काय? त्यासाठी वायला क्लोज्ड लूप स्टेपर घेतली. तिच्या पाठीमागे एन्कोडर असतो. मोटर हुकुमापेक्षा मागे पडली की ड्रायव्हर अलार्म देतो, आणि कंट्रोलर सगळं थांबवतो. त्या शनिवारी ही असती तर कटर खाली उतरलाच नसता. पण तिलाही मर्यादा आहे. एन्कोडर मोटरवर आहे, टेबलावर नाही. मोटर किती फिरली हे तो सांगतो, टेबल किती सरकलं हे नाही. मधली फट त्याला दिसत नाही. त्यासाठी टेबलावरच मोजपट्टी लावतात, लिनिअर स्केल. डोळे कुठे लावलेत त्यावर मशीनला काय दिसतं ते ठरतं.

हे वाचताना मला इतिहासातली एक गोष्ट सापडली. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अवघड वक्र आकार हवे होते. त्यातून एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम सुरू झालं आणि १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं गेलं. ते मशीन शून्यापासून बनवलेलं नव्हतं. सिनसिनाटी कंपनीचं तयार मिलिंग मशीन घेऊन त्यात बदल केले होते. म्हणजे आपण शेडमध्ये करतोय तेच, कन्व्हर्जन! पंच केलेली कागदी पट्टी, व्हॅक्यूम ट्यूब, सगळा संसार. आणि त्या प्रयोगशाळेचं नाव होतं सर्व्होमेकॅनिझम्स लॅबोरेटरी. सर्व्हो म्हणजे झालेली हालचाल मोजून परत कळवणारी यंत्रणा. मशीनने उत्तर दिलंच पाहिजे, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण हॉबीवाल्यांनी पैसे वाचवायला नेमकं तेवढंच वगळलं. वगळायला हरकत नाही. पण वगळलंय हे लक्षात ठेवायला हवं.

तुम्ही करणार असाल तर

मोटर विकत घ्यायच्या आधी हा क्रम लिहून ठेवा.

१. आधी मशीन हाताने चालवा. निदान महिनाभर. कुठे अडतं, कुठे डुलतं ते हाताला कळू दे.

२. साफसफाई, तेल, गिब. मग डायल गेजने तिन्ही अक्षांचा प्ले मोजा आणि भिंतीवर लिहा.

३. लाल बटण. नॉर्मली क्लोज्ड, आणि थेट वीज तोडणारं. लिमिट स्विचही नॉर्मली क्लोज्ड.

४. प्ले ०.१ मिमीच्या वर असेल आणि गोल भोकं करायची असतील तर आधी स्क्रूवर खर्च करा, मोटरवर नंतर. तोपर्यंत क्लाइंब टाळा.

५. जी-० चा वेग हवेत तपासा. जॉबशिवाय, कटरशिवाय. शंभर वेळा पुढे-मागे नेऊन डायल गेज त्याच आकड्यावर येतो का बघा. येत असेल तर त्या वेगाच्या निम्म्यावर काम करा.

६. वीज चालू असताना ड्रायव्हरमधून मोटरची वायर काढू नका. ड्रायव्हर जळतो. माझा एक जळला.

७. डोळ्यांवर गॉगल, चष्मा असला तरी वरून. फिरत्या कटरजवळ हातमोजे अजिबात नाहीत, ते हातासकट ओढले जातात. बुरा ब्रशने काढायचा, तोही कटर थांबल्यावर.

खर्चाचं विचारता तर मोटर आणि ड्रायव्हरपेक्षा स्क्रू, त्यांचे बेअरिंग ब्लॉक आणि बटणाची वायरिंग यांनी खिसा जास्त रिकामा केला. पुण्यातलं दोन-तीन महिन्यांचं घरभाडं धरून चला.

शेवटी बेअरिंग

सव्वा वर्षाने तोच ठोकळा, तोच प्रोग्रॅम. माप आलं एक्समध्ये २९.९८, वायमध्ये २९.९७. बेअरिंग अजूनही बसलं नाही! पण या वेळी मी खचलो नाही, कारण दोन्हीकडे जवळपास सारखंच कमी होतं. दोन दिशांना वेगवेगळं चुकलं तर तो आजार मशीनचा. सगळीकडून सारखं कमी असेल तर कटरचा व्यास कम्प्युटरमध्ये थोडा कमी सांगायचा आणि शेवटची एक बारीक फेरी मारायची. इथे मात्र कोडचं काम कोडनेच झालं. काकांनी बेअरिंग ठेवलं, लाकडाचा तुकडा वर धरून हातोडीने दोन टिचक्या मारल्या. टक्, टक्. बसलं.

आता काका ते मशीन चालवतात. जी-कोड वाचत नाहीत, वाचायची इच्छाही नाही. फाईल मी पुण्यातून पाठवतो, जॉब ते बांधतात, शून्य ते घेतात. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी लाल बटण एकदा दाबून बघतात, मशीन मेलं की मान हलवतात, मग हिरवं बटण. आणि मशीन चालू असताना ते स्क्रीनकडे बघत नाहीत. कटरकडे बघतात, कान देऊन. मीही आता तेच करतो.

परवाच्या खंडेनवमीला लेथ, मोठं मिलिंग आणि ड्रिल यांच्याबरोबर या छोट्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचा हार मिळाला. मागच्या वर्षी मिळाला नव्हता. मी काही बोललो नाही, काकाही काही बोलले नाहीत.

पुढच्या एपिसोडमध्ये बोलू कटर कसा निवडायचा आणि ॲल्युमिनियम कटरला चिकटतं ते का, यावर. तोपर्यंत तुमच्याकडे मशीन असेल तर एक काम करा. डायल गेज लावा, टेबल एकदा उजवीकडे न्या, मग हळूहळू डावीकडे, आणि काटा कधी हलतो ते बघा. तो आकडा कळला की अर्धा एपिसोड तुम्ही स्वतःच केलात.

भेटूच!